जुन्या पिकअप गाडीच्या कूलंटची परीक्षा

शेतात माल पिकविणे हे जसे शेतकऱ्याचे काम, तसेच तो माल वेळेवर बाजारात पोहोचविणे हेही आता पुष्कळ ठिकाणी त्याचेच काम झाले आहे. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर, फुले असा नाशवंत माल दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहत बांधावर ठेवता येत नाही. म्हणून गावोगावी एखादा शेतकरी, किंवा दोघे-तिघे भाऊबंद मिळून, दहा-पंधरा वर्षे वापरलेली डिझेल पिकअप विकत घेतात. अशी गाडी नव्या गाडीच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते, हे खरे. परंतु तिच्या इंजिनाचा पूर्वेतिहास घेणाऱ्यास ठाऊक नसतो. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये काय काय ओतले, हे तर बहुधा त्यालाही आठवत नसते.

इंजिनाची काळजी म्हटली म्हणजे वेळेवर ऑइल बदलणे एवढेच सामान्यतः डोळ्यांसमोर येते. रेडिएटरकडे मात्र पाणी कमी झाल्याखेरीज कोणी पाहत नाही. त्याचा परिणाम काय होतो, हे पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल. हा प्रसंग कल्पिलेला असला तरी कोणत्याही तालुक्यात घडू शकेल असा आहे.

ऐन हंगामात एक शेतकरी टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारास निघण्याच्या तयारीत आहे. सकाळी बॉनेट उघडून पाहतो, तो कूलंटच्या बाटलीत दूध घातलेल्या घट्ट कॉफीसारखी साय आलेली. गाडी गॅरेजमध्ये नेली जाते. मिस्त्री बाटलीकडे एक दृष्टी टाकतो आणि म्हणतो, “दादा, हेड गॅस्केट गेलं.” घाण पाणी तत्काळ गटारात सोडले जाते, हेड उतरते, फेसिंगसाठी शहरात जाते, नवे गॅस्केट बसते. या सर्वांत बारा-पंधरा दिवस जातात. तेवढ्यात बाजारभाव उतरतो, आणि माल भाड्याच्या गाडीने पाठवावा लागतो तो निराळाच. गाडी घरी येते, आणि तिसऱ्या आठवड्यात बाटलीत पुन्हा तीच साय दिसते. मग दुसरा मिस्त्री ऑइल कूलर सोडवून पाण्यात बुडवितो व त्यात हवा भरतो, तेव्हा एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची ओळ निघते. पहिल्या मिस्त्रीचे काम वाईट नव्हते, परंतु ते निर्दोष भागावर झाले. ऑइलची डिपस्टिक कोणी ओढून पाहिली नव्हती, आणि जे पाणी खरी हकीकत सांगू शकले असते ते पहिल्याच दिवशी गटारातून वाहून गेले होते.

दूषित कूलंट हे इंजिनाच्या आतील बिघाडाचे लक्षण होय. ते ओतून देण्यापूर्वी वाचले पाहिजे. हे वाचन अवघड नाही. त्यास लागणारी बहुतेक साधने घरात सापडतात.

कूलंटचे कार्य

कूलंट ही बर्फ पडणाऱ्या प्रदेशांत लागणारी वस्तू असून आपल्याकडे साधे पाणी पुरते, असा समज अद्यापि आढळतो. पाणी गोठू न देणे हे कूलंटचे एक काम आहे, आणि त्याची महाराष्ट्रात आवश्यकता नाही, हे मान्य करता येईल. परंतु त्याची इतर कामे येथेही तितकीच गरजेची आहेत. कूलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल. त्याचे व पाण्याचे समप्रमाणातील मिश्रण सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे पाण्यापेक्षा काही अंश उशिरा. याखेरीज त्यात गंजरोधक द्रव्ये असतात. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड पुष्कळदा ॲल्युमिनियमचे, रेडिएटर जुन्या गाडीत तांब्या-पितळेचा तर अलीकडच्या गाडीत ॲल्युमिनियमचा. असे निरनिराळे धातू एकाच पाण्यात भिजत राहिले म्हणजे ते झिजू लागतात. ही झीज थांबविणे हेच आपल्या हवामानात कूलंटचे पहिले काम समजावे.

रेडिएटरचे झाकण हाही या व्यवस्थेचा एक कार्यकारी भाग आहे. ते आतील दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅमपर्यंत धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली साधे पाणीदेखील सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग ढिली झाली की हा लाभ नाहीसा होतो आणि चढावर भरलेली गाडी उकळू लागते. इंजिन गरम होण्याच्या तक्रारीत म्हणूनच प्रथम झाकण तपासावे. ते सर्वांत स्वस्त आहे.

विहिरीच्या व बोअरच्या पाण्यासंबंधी दोन शब्द येथे सांगणे अवश्य आहे. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणास फेस येत नाही, ते पाणी रेडिएटरलाही घातकच. पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडास जसे पांढरे पुट धरते, तसेच ते इंजिनाच्या आतील पाण्याच्या वाटांना धरते. हे पुट उष्णतेस अडविते. धातू तापत राहतो, आणि काटा मात्र उशिरा चढतो. कूलंटमध्ये मिसळण्यासाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरावे. वाटेत दुसरे काहीच न मिळाल्यास मिळेल ते पाणी घालून घरी यावे, हे योग्यच. मात्र नंतर ते काढून टाकण्यास विसरू नये.

परीक्षेपूर्वीची दक्षता

इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा दाबाखालील बाटलीचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतील पाणी क्षणात उकळून तोंडावर व हातांवर उडते, आणि ती भाजणी फार खोल असते. फडके धरून हळूहळू झाकण फिरविण्याची चाल आहे, तीही टाळावी. परीक्षेची योग्य वेळ म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करण्यापूर्वीची. अशा वेळी इंजिन थंड असते, तेल खाली उतरलेले असते, आणि पाण्यातील गाळ व तवंग आपापल्या जागी स्थिरावलेले असतात.

दुसरी दक्षता विषासंबंधीची. इथिलीन ग्लायकॉल चवीस गोड व अत्यंत विषारी आहे. हिरव्या अथवा तांबड्या रंगाचे कूलंट लहान मुलांना सरबतासारखे दिसते. कुत्री, मांजरे व जनावरे ते चाटतात. नमुना काढलेली बाटली शीतपेयाची असेल तर तिच्यावरील कागद काढून त्या जागी ‘विष’ असे ठळक अक्षरांत लिहावे आणि ती कुलपात ठेवावी. एखाद्या मुलाने कूलंट प्याल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे व कूलंटचा डबाही बरोबर न्यावा. प्रारंभी केवळ गुंगी दिसते. मूत्रपिंडांना इजा होते ती पुढे.

नमुना कसा घ्यावा

स्वच्छ, पांढऱ्या काचेच्या दोन बाटल्या घ्याव्यात. पहिलीत रेडिएटरच्या तोंडातून किंवा कूलंटच्या बाटलीतून वरचे पाणी घ्यावे. दुसरीत रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून, कॉक नसल्यास खालचा होज पाइप किंचित सैल करून, तळाचे पाणी घ्यावे. दोन्ही बाटल्या झाकून एक रात्र न हलविता ठेवाव्यात. वरचा आणि तळाचा असे दोन नमुने घेण्याचे कारण उघड आहे: तेल वर तरंगते, गंज तळाशी बसतो. एकच नमुना घेणारा मनुष्य अर्धी गोष्ट पाहतो.

दुसऱ्या दिवशी बाटल्या उजेडासमोर धरून पाहाव्यात. मधला द्रव पारदर्शक, मूळ रंगाचा, आणि तळाशी चिमूटभर गाळ, एवढेच असेल तर चिंतेचे कारण नाही. जुन्या इंजिनात इतके चालावयाचेच.

तळाशी विटकरी रंगाचा जाड थर बसला असेल तर तो ब्लॉकचा गंज होय. गाडीत बराच काळ साधे पाणी चालले, किंवा कूलंट इतके जुने झाले की त्यातील गंजरोधक संपले, असा याचा अर्थ. येथे लिटमस कागदाचा उपयोग होतो. तो माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळू शकेल. चांगले कूलंट अल्कधर्मी असते; त्यात निळा लिटमस तांबडा होऊ लागला तर ते आम्लधर्मी झाले आहे आणि धातूचे रक्षण करण्याऐवजी तेच त्यास खाऊ लागले आहे, असे समजावे. कूलंटचा स्वतःचा रंग कागदास लागतो, म्हणून तुलनेसाठी दुसरा कागद नव्या कूलंटमध्ये बुडवून शेजारी ठेवावा.

विटकरी रंगावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकण्याचा उपाय पुष्कळ चालक करतात. हळदीची पूड छिद्राशी फुगून बसते आणि गळती काही दिवस थांबते. गाडी घरी आणण्यापुरता हा उपाय क्षम्यही आहे. पण तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. शिवाय अल्कधर्मी द्रवात हळद तांबूस होते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, तोच हा धर्म. असा तांबूस चिखल गंज म्हणून गणला जाण्याचा संभव असतो. बोटांच्या चिमटीत चोळून पाहिल्यास गंज बारीक रेतीसारखा लागतो, हळदीचा लगदा मऊ लागतो. हात नंतर साबणाने धुवावेत.

पांढरट किंवा रंगीत, जेलीसारखा चिकट गाळ आढळला तर दोन वेगळ्या जातींची कूलंटे एकत्र झाल्याचा संशय घ्यावा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटादी क्षार गंजरोधक म्हणून असतात, नव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार. यांचे मिश्रण नेहमीच थिजते असे नाही, परंतु त्याचे आयुष्य घटते आणि काही वेळा त्याचा लगदा बनतो. हिरवे ते जुने आणि तांबडे ते नवे, ही खूण दुकानदार सांगतात; तिच्यावर विसंबू नये. रंग हा उत्पादकाने आपल्या मर्जीने घातलेला असतो. डब्यावर लिहिलेली जात व गाडीच्या पुस्तकातील जात जुळते की नाही, एवढेच पाहावे.

तेलाचा तवंग

वरच्या बाटलीत तेलाचा थर किंवा तपकिरी साय दिसली म्हणजे परीक्षेचा महत्त्वाचा भाग सुरू होतो. साय खरोखरच तेलाची आहे याची खात्री प्रथम करावी. पांढऱ्या कागदावर तिचा एक ठिपका ठेवून कागद सावलीत वाळू द्यावा. भज्यांचा कागद जसा उजेडासमोर पारदर्शक दिसतो, तसा डाग राहिला तर तेल आहे. ठिपका वाळून केवळ मातकट डाग उरला तर तो गंज अथवा गाळ आहे.

तेल आले कोठून? पिकअपचा गिअरबॉक्स हाताने बदलण्याचा असेल तर त्यातील तेल रेडिएटरशी सामान्यतः संबंधच येत नाही. (ज्या गाड्यांत आपोआप बदलणारा गिअरबॉक्स असतो, त्यांत पुष्कळदा गिअरचे तेल रेडिएटरच्या पोटातील नळीतून थंड केले जाते, ती नळी फुटली की गुलाबी साय येते. आपल्याकडील जुन्या पिकअपमध्ये हा प्रकार क्वचितच.) तेव्हा राहिले इंजिन ऑइल. इंजिन ऑइल व कूलंट यांच्या वाटा ज्या ठिकाणी अगदी शेजारून जातात, अशा मुख्य जागा दोन: हेड गॅस्केट आणि ऑइल कूलर. क्वचित हेडला किंवा ब्लॉकला तडा गेलेला असतो.

पुष्कळ डिझेल इंजिनांत ऑइल फिल्टरच्या बुडाशी किंवा ब्लॉकच्या बाजूस एक चपटी पेटी असते. तिच्यात एका बाजूने इंजिन ऑइल व दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते, आणि मध्ये केवळ पातळ पत्रा असतो. हाच ऑइल कूलर. सर्वच इंजिनांत तो नसतो, म्हणून आपल्या गाडीत तो आहे काय, हे आधी शोधावे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटच्या दाबाहून कितीतरी अधिक असतो. म्हणून पत्र्यास छिद्र पडताच तेल पाण्यात शिरते. पाणी तेलात शिरू शकत नाही. अशा गाडीच्या बाटलीत भरपूर साय येते, पण डिपस्टिकवरील ऑइल स्वच्छ राहते, इंजिन नीट सुरू होते, धूर नेहमीसारखा असतो. ऑइलची पातळी मात्र हळूहळू खाली जाते. हे चित्र दिसले की प्रथम ऑइल कूलरवर संशय घ्यावा.

या नियमास एक अपवाद आहे, तोही ध्यानात असावा. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब तत्काळ शून्यावर येतो, परंतु गरम कूलंटचा दाब काही वेळ टिकतो. त्या अवधीत थोडे पाणी उलट तेलात झिरपू शकते. सबब, ऑइल किंचित गढूळ दिसले एवढ्यावरून ऑइल कूलर निर्दोष ठरत नाही. तसेच, ऑइलची दाबाची वाट आणि पाण्याची वाट यांच्यामधील भागातच गॅस्केट गेले असेल, तर तेही अशीच साय देते. म्हणजे नुसत्या सायीवरून दोहोंतील एक निश्चित सांगता येत नाही. परंतु ऑइल कूलर उतरविणे हे हेड उतरविण्याच्या मानाने थोड्या वेळाचे व थोड्या खर्चाचे काम आहे. म्हणून तपासणीचा क्रम तोच ठेवावा: आधी कूलर, मग हेड.

कूलर तपासण्याची रीत सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढण्यासारखीच आहे. त्याची पाण्याची तोंडे उघडी ठेवून व तेलाचे दुसरे तोंड बंद करून तेलाच्या बाजूने बेताच्या दाबाची हवा भरावी व तो टबात बुडवून ठेवावा. पाणी कोमट असल्यास अधिक चांगले. कारण काही चिरा धातू तापून पसरल्यावरच उघडतात. बुडबुडा न आल्यास लगेच काढू नये, पाच-दहा मिनिटे पाहावे. मालकाने या वेळी स्वतः जवळ उभे राहावे. यात मिस्त्रीवर अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही. बुडबुडे आपल्या डोळ्यांनी पाहिलेला मालक नवा कूलर घेण्यास खळखळ करीत नाही, आणि बुडबुडे न पाहिलेला मालक हेड उतरविण्यासही समजून संमती देतो.

वायूचे बुडबुडे

हेड गॅस्केट सिलिंडर व पाण्याची वाट यांच्यामध्ये फुटले असेल तर जळलेला वायू मोठ्या दाबाने कूलंटमध्ये घुसतो. याची पारख अशी: थंड इंजिनात रेडिएटर तोंडापर्यंत भरून, झाकण उघडे ठेवून, इंजिन सुरू करावे व तोंडात पाहत राहावे. चेहरा थेट वर नेऊ नये, आणि पंख्यापासून सदरा, उपरणे दूर ठेवावे. नुकतेच पाणी बदलले असल्यास अडकलेली हवा निघून जाईपर्यंत काही बुडबुडे येतील, ते थांबतात. पण जे बुडबुडे थांबत नाहीत, ॲक्सिलरेटर दाबताच वाढतात, आणि ज्यांना सायलेन्सरच्या धुरासारखा वास येतो, ते सिलिंडरमधून आलेले असतात. ही परीक्षा पहिल्या तीन-चार मिनिटांतच उरकावी. पाणी तापू लागले की थांबावे.

आणखी एक खूण झाकण लावूनही पाहता येते. थंड इंजिन सुरू केल्यापासून एक-दोन मिनिटांत वरचा होज पाइप दाबून पाहावा. तो गरम झालेला नसताना दगडासारखा कडक लागला, तर तो दाब वाफेचा नाही, वायूचा आहे. सकाळी थंड गाडीचे झाकण उघडताना फुस्स असा आवाज येणे हीदेखील त्याचीच साक्ष.

गॅरेजमध्ये याकरिता एक निळे औषध मिळते. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतील हवा त्यातून ओढतात. हवेत ज्वलनाचा कार्बन डाय-ऑक्साइड असल्यास निळा रंग हिरवट-पिवळा होतो. डिझेल इंजिन नुसते उभे राहून चालत असताना हा वायू थोडा असतो, म्हणून एकदा रंग बदलला नाही यावरून गॅस्केट चांगले आहे असे ठरवू नये. काही इंजिनांत डिझेलच्या नोझलभोवती पातळ धातूच्या बाह्या बसविलेल्या असतात आणि त्यांच्या बाहेरून पाणी खेळते. तेथून गळती झाल्यासही बुडबुडे येतात, आणि कूलंटला डिझेलचा वास लागतो. हेड उतरविण्यापूर्वी मिस्त्रीस हे आवर्जून विचारावे.

पाणी तेलात गेल्यास

वर सांगितलेल्या सर्व प्रकारांत मालकाला दोन-चार दिवस विचार करण्यास सवड असते. पाणी तेलात गेल्यास ती नसते. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगवर टिकत नाही, आणि क्रँकची झीज काही किलोमीटरांतच होऊ शकते. डिपस्टिकवरील तेल दुधाळ दिसले, किंवा न घालताच त्याची पातळी वाढली, तर गाडी सुरूच करू नये, ओढून न्यावी. बाजाराचा दिवस असला तरीही.

ऑइल भरावयाच्या झाकणाखाली पिवळट लोणी जमलेले पाहून पुष्कळ जण घाबरतात. पावसाळ्यात व थंडीत गाडी केवळ शेत ते गाव इतकीच फिरत असली, तर इंजिन पुरते तापत नाही आणि हवेतील दमट वाफ झाकणाखाली थिजते. ते पुसून टाकावे, गाडी एक लांब फेरी मारून आणावी, व आठवड्याने पुन्हा पाहावे. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत हे अधिक आढळते. इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढण्याची रीत आपल्याकडे फार बोकाळली आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यायोगे मूळ दोष फक्त झाकला जातो.

शंका राहिल्यास तेलाची परीक्षा लोखंडी पत्र्याच्या तुकड्यावर करावी. पत्रा चांगला तापवून, चुलीवरून उतरवून, त्यावर डिपस्टिकचे दोन थेंब टाकावेत व मागे सरावे. फोडणीत मोहरी तडतडते तसे थेंब तडतडले तर तेलात पाणी आहे. केवळ धूर निघाला तर नाही. स्वयंपाकाचा तवा या कामी वापरू नये.

सकाळी स्टार्टर मारताच इंजिन टक् आवाज करून अडकले आणि कूलंट रात्रीतून कमी झालेले असेल, तर सिलिंडरमध्येच पाणी भरल्याचा संभव असतो. पाणी दाबले जात नाही. वारंवार स्टार्टर मारल्यास किंवा गाडी ढकलून सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी हात आवरून मिस्त्रीस घरी बोलवावे.

ज्या जुन्या इंजिनांत पाण्यात उभे असलेले सुटे लायनर असतात, त्यांच्या खालच्या रबरी रिंगांतूनही पाणी चेंबरमध्ये उतरते. ट्रॅक्टर वापरणाऱ्यांना हा दोष परिचित असेल. अशा लायनरला नुसत्या पाण्याचा आणखी एक अपाय होतो. लायनर कंप पावतो, त्याच्या पृष्ठभागाशी सूक्ष्म बुडबुडे बनून फुटतात, आणि वर्षानुवर्षे त्या आघातांनी धातूत खड्डे पडत शेवटी आरपार छिद्र होते. योग्य कूलंटमधील द्रव्ये या झिजेस पुष्कळ अंशी रोखतात.

दुरुस्तीनंतरची स्वच्छता

दोष सापडून भाग बदलला तरी आतील तेलकट साय राहतेच, आणि ती न काढल्यास नवे कूलंट आठवड्यात घाण होते व शेतकऱ्यास वाटते की दुरुस्ती फसली. थर्मोस्टॅट तात्पुरता काढून, कमी फेसाचा धुण्याचा साबण कोमट पाण्यात विरघळवून आत भरावा, इंजिन गरम होईपर्यंत चालवावे, पूर्ण थंड झाल्यावर पाणी सोडावे. असे तीन-चार वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नंतर दोन वेळा साध्या पाण्याने व शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. साय कापण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल ओतू नये. त्याने रबर फुगते. धुण्याचा सोडा व कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातात, म्हणून तेही वर्ज्य. तेलाने मऊ पडून फुगलेले होज पाइप, झाकणाचे रबर व थर्मोस्टॅट या वेळीच बदलावेत. ऑइल कूलर गेलेला असेल तर इंजिन ऑइल व फिल्टरही बदलणे आवश्यक आहे. त्यात किती पाणी झिरपले होते, ते दिसत नाही.

नवे कूलंट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात भरावे. पुस्तक नसल्यास निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर हे सर्वसाधारण प्रमाण आहे. आधीच पाणी मिसळून विकलेले कूलंट घेतले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. निव्वळ कूलंट भरल्याने इंजिन अधिक थंड राहील ही कल्पनाही बरोबर नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच श्रेष्ठ आहे.

पहिले दहा दिवस रोज सकाळी बाटलीत पाहावे. कोठेतरी उरलेल्या तेलाचा पातळ तवंग येईल. तो दिवसेंदिवस कमी झाला पाहिजे. वाढू लागल्यास पुन्हा नमुना घेऊन जपून ठेवलेल्या पहिल्या बाटलीशेजारी ठेवावा. ग्रामकार्यकर्त्यांनी गावातील पिकअपधारकांची एक साधी वही करविल्यास उत्तम: कूलंट कोणत्या जातीचे, केव्हा भरले, किती वेळा व किती पाणी वरून घालावे लागले. महिन्यातून एकदा अर्धा लिटर लागणारी गाडी दर आठवड्यास लागू लागली, हे वहीत जितके लवकर दिसते तितके काट्यावर दिसत नाही.

राहता राहिले काढलेले कूलंट. ते गटारात, ओढ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. गोठ्याजवळ उघड्या घमेल्यात तर क्षणभरही ठेवू नये. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर नाव लिहून, ज्या गॅरेजमध्ये काळे ऑइल गोळा केले जाते तेथे ते द्यावे, आणि जमिनीवर सांडलेले माती टाकून टिपून ती मातीही उचलावी.